गिटारमधील घरघर : निदान आणि उपचार

वादकाने न मागितलेला स्वर वाद्य सतत धरून बसले, तर त्याला काय म्हणावे? तानपुराही स्वर धरून ठेवतो; पण तो गायकाला हवा असतो. घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून मिरजेच्या कारागिराने त्याची जवारी मुद्दाम काढलेली असते. विजेच्या गिटारमधून येणारी घरघर मात्र कोणालाच नको असते. ती गायकाच्या खर्जात मिसळते, निवेदकाच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत शिरते आणि सगळे थांबले तरी थांबत नाही.

आमच्या महाविद्यालयीन वाद्यवृंदात ही तक्रार दरवर्षी असते. तिच्यावरचे ठरलेले उपायही दरवर्षी ऐकू येतात : ‘पिन हलवून बघ’, ‘तारेला हात लावून उभा राहा’, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘ती तिसरी पिन काढून टाक’. मी विज्ञान शाखेच्या अखेरच्या वर्षाचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत जी शिस्त शिकलो, ती या घरघरीला लावून पाहावी असे मी यंदा ठरविले. त्या खटपटीतून जे हाती आले, ते वाद्ये वाजविणाऱ्या आणि मंचामागे वायरी ओढणाऱ्या सर्व मित्रांसाठी येथे मांडतो.

हा स्वर येतो कोठून?

विजेच्या गिटारला पोकळ पेटीची गरज नसते. तारांखाली ‘पिकअप’ नावाचा एक छोटा भाग असतो. त्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसापेक्षाही बारीक अशा तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की त्या चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि वेढ्यांत तेवढाच सूक्ष्म विद्युत्दाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. या तत्त्वावर जॉर्ज बोशॅम्प यांनी बनविलेल्या गिटारला अमेरिकेत १९३७ मध्ये पेटंट मिळाले. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती हवाईयन पद्धतीची गिटार होती. नायलॉनच्या तारा या पिकअपवर मुक्या का राहतात, तेही यावरून कळेल.

आता गोम अशी की, वेढ्यांना फक्त ‘चुंबकीय क्षेत्र बदलले’ एवढेच कळते. ते कोणामुळे बदलले हे कळत नाही. शेजारच्या ट्रान्स्फॉर्मरमधूनही बदलते चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडत असते. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. पिकअप तीही इमानाने ‘वाजवितो’.

ज्यांना स्वरज्ञान आहे त्यांनी एक गंमत करून पाहावी. ही घरघर मुख्यतः ५० आणि १०० कंपनांची असते. हार्मोनियमच्या भाषेत बोलायचे तर पांढरी पाचचा खालचा स्वर सुमारे ९८ कंपनांचा. म्हणजे आपली घरघर पांढरी पाचच्या किंचित वर लागते. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असतात, म्हणून तेथील घरघर पांढरी सातच्या किंचित खाली बोलते. प्रत्येक देशाच्या विजेची स्वतःची पट्टी असते म्हणा ना!

दोन रोग, दोन औषधे

‘घरघर’ या एका नावाखाली दोन वेगळे रोग दडलेले असतात. ते वेगळे ओळखले नाहीत, तर औषध भलत्यालाच दिले जाते.

पहिला रोग चुंबकीय. आवाज जाड, गोल, खर्जातला असतो. अँप्लिफायरचा ट्रान्स्फॉर्मर, अ‍ॅडॉप्टर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक ही त्याची उगमस्थाने. गिटार घेऊन जागच्या जागी वळले की हा आवाज कमी-जास्त होतो; एका दिशेला तो जवळजवळ नाहीसा होतो. लांब गेले तर झपाट्याने उतरतो, कारण अशा उगमाचे क्षेत्र साधारणतः अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते; अंतर दुप्पट केले की क्षेत्र सुमारे एक-अष्टमांश राहते. दोन पावले मागे सरकण्यासारखे स्वस्त औषध नाही.

दुसरा रोग विद्युत क्षेत्राचा. यातला आवाज पातळ, किनरा, झिर्र असा. दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर, पंख्याचे रेग्युलेटर, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांचा यात हात असतो. भिंतीतल्या वायरींचे क्षेत्र आपल्या शरीरावरही येते, आणि वादकाचा देह हाच एक अँटेना होऊन गिटारला बिलगून उभा राहतो! तारेला बोट लावताच आवाज कमी होतो तो यामुळे. गिटारच्या तारा आतून एका वायरने अर्थला जोडलेल्या असतात. बोट लागले की देहही अर्थला जोडला जातो आणि अँटेनाचा आडोसा होतो.

औषधे निरनिराळी आहेत. दुसऱ्या रोगावर पिकअपची खोबण तांब्याच्या पातळ पत्र्याने आतून मढवून तो पत्रा अर्थला जोडतात, आणि गुण चांगला येतो. पण हा पत्रा ५० आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. पहिल्या रोगासाठी पत्रा लावणे म्हणजे मलेरियावर खोकल्याचे औषध घेणे होय.

पहिल्या रोगावरचा खरा तोडगा गिब्सन कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांनी शोधला. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९५९ मध्ये ते मिळाले. त्या पिकअपचे नावच ‘हमबकर’. त्यातली युक्ती शाळेतल्या बीजगणिताची आहे. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची. दुसऱ्याचे वेढे उलट गुंडाळायचे आणि त्याचा चुंबकही उलटा ठेवायचा. तारेचा संकेत चुंबकामुळे एकदा उलटतो, वेढ्यांमुळे पुन्हा उलटतो. ऋण गुणिले ऋण, म्हणजे धन. दोन्ही वेटोळ्यांचे संकेत मिळून बेरीज होते. बाहेरून आलेल्या घरघरीला मात्र पिकअपच्या चुंबकाशी देणेघेणे नाही. ती फक्त वेढ्यांमुळे एकदाच उलटते, आणि एकातली धन, दुसऱ्यातली ऋण अशी वजाबाकी होऊन मिटते. एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप असलेल्या बऱ्याच गिटारांत मधला पिकअप असाच उलटा दिलेला असतो. अशा गिटारची पाच खाचांची कळ दुसऱ्या किंवा चौथ्या खाचेत टाकली की दोन पिकअप एकदम चालू होतात व घरघर उतरते. ती तेथे उतरली, तर आपला रोग चुंबकीय आहे असे खुशाल समजावे.

निदानाच्या पायऱ्या

आमच्या वाद्यवृंदातील गिटार माझा एक मित्र वाजवितो. तो याच नियतकालिकाच्या कन्नड विभागात लिहितो, त्यामुळे त्याची बाजू पलीकडच्या पानांवर आली तर नवल नाही. यंदाच्या तालमीत त्याच्या गिटारची घरघर एवढी वाढली की तबला लावणे अशक्य झाले. ‘नवी गिटार घ्या’ असा ठराव होण्याच्या बेतात होता. मी दोन तास मागून घेतले. नियम एकच ठेवला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय घडले ते वहीत लिहायचे.

पहिली पायरी. अँप्लिफायरमधून गिटारची केबल पूर्ण काढली. बहुतेक अँप्लिफायरांत केबल काढताच आतला जॅक संकेताचा मार्ग अर्थला जोडून टाकतो. अशा वेळीही घरघर राहिली तर दोष अँप्लिफायरच्या पोटात. वीज एकदिश करताना उरणारी लाट सपाट करणारे कंडेन्सर म्हातारे झाले की १०० कंपनांची घरघर येते. मात्र अँप्लिफायर आपण उघडू नये. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधील कंडेन्सर वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसतात. आमचा अँप्लिफायर केबल काढताच शांत झाला. तो निर्दोष सुटला.

येथे एक सूचना. केबल अँप्लिफायरला तशीच ठेवून तिचे गिटारकडील टोक उघडे सोडले, तर घरघर येणारच. उघडी केबल हीच अँटेना असते. त्यावरून ‘केबल खराब’ असा निकाल देऊ नये.

दुसरी पायरी. केबल गिटारला जोडून गिटारवरील व्हॉल्यूमची कळ शून्यावर आणली. शून्यावर संकेताची वायर सरळ अर्थला जोडली जाते, म्हणजे पिकअपचे तोंड बंद होते. एवढे करूनही घरघर राहिली असती, तर केबल किंवा जॅक संशयित ठरले असते आणि मी केबल बदलून पाहिली असती. आमच्याकडे शून्यावर घरघर थांबली. तेव्हा दोष कळीच्या अलीकडे, गिटारमध्येच.

तिसरी पायरी. कळ पुन्हा पूर्ण उघडून मित्राला सावकाश स्वतःभोवती फिरविले. घरघर थोडी बदलली, पण थोडीच. म्हणजे चुंबकीय भाग होता, परंतु मुख्य आरोपी तो नव्हता.

चौथी पायरी. तारांना हात लावला. येथे तीन शक्यता असतात. आवाज थोडा कमी झाला तर सर्व यथास्थित आहे. वाढला, तर जॅकवरच्या दोन वायरी बहुधा उलट जोडलेल्या आहेत. काहीच फरक पडला नाही, पण जॅकच्या धातूच्या कडेला बोट लावताच आवाज उतरला, तर तारांना अर्थशी जोडणारी वायर तुटली आहे. आमच्याकडे तिसरी गोष्ट घडली.

पाचवी पायरी. कयासावर थांबू नये, मोजावे. अँप्लिफायरची केबल काढून मल्टिमीटरने घोडी आणि जॅकचा बाहेरचा धातू यांच्यामधला रोध पाहिला. तो जवळजवळ शून्य ओहम असावयास हवा. मीटरने मार्गच नाही असे दाखविले. गिटारची मागची झाकणी काढली. स्प्रिंगांच्या पट्टीवरचा डाग सुटून वायर मोकळी लोंबत होती. पट्टी खरवडून, स्वच्छ करून, नवीन डाग दिला. रोध शून्यावर आला आणि घरघर इतकी उतरली की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. उरलेल्या चुंबकीय भागासाठी मित्राला अँप्लिफायरपासून चार पावले दूर उभे केले. खर्च झाला तो बोटभर शिशाचा.

घरघर गेली, मुंग्या आल्या

एवढ्यावर लेख संपला असता तर तो केवळ दुरुस्तीचा वृत्तान्त झाला असता. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

रंगीत तालीम बाहेरच्या एका सभागृहात होती. घरघर जवळजवळ नव्हती. परंतु गाण्याच्या ओळीसाठी मित्र माईकजवळ गेला आणि झटक्यात मागे आला. म्हणाला, “ओठाला मुंग्या यायल्यात बघ. तारेला हात असला की मगच.” कोणीतरी हसून चप्पल घालून गा असे सुचविले. मी तालीम थांबवावयास सांगितली.

विचार करा. आमची दुरुस्ती बरोबरच होती. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्याच असाव्या लागतात. पण तारा जोडल्या जातात त्या केबलमार्गे अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला. तो सांगाडा पुढे थ्री-पिनच्या मोठ्या, वरच्या पिनेतून जमिनीला जोडलेला आहे, हे यात गृहीत धरलेले असते. ते गृहीतच खोटे असेल, तर सांगाडा अधांतरी राहतो, त्याच्यावर गळतीचा विद्युत्दाब चढतो आणि तो थेट वादकाच्या बोटांपर्यंत येतो. वायर तुटलेली असताना तारा सांगाड्यापासून सुट्या होत्या, म्हणून मुंग्या येत नव्हत्या. माईक दुसऱ्या यंत्राला, दुसऱ्या बोर्डावर होता. बोट एका सांगाड्याला आणि ओठ दुसऱ्याला, मध्ये माणूस.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक तारेला व दुसरे माईकच्या जाळीला लावले. काटा शून्याजवळ हवा होता. मीटरने ११० च्या आसपास आकडा दाखविला. सांगाडा अधांतरी असला की गळतीमुळे २३० च्या निम्म्याच्या आसपासचा असा आकडा दिसतो, आणि त्या गळतीतून वाहणारा प्रवाह पुष्कळदा अल्प असतो, मुंग्या आणण्याइतकाच. पण हा आकडा किरकोळ गळतीचा आहे की आत एखादी फेजची वायर उघडी पडून सांगाड्याला टेकते आहे, हे नुसत्या व्होल्टवरून सांगता येत नाही. म्हणून मुंग्या आल्या की थांबायचे, हाच नियम. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो. दहा-पंधरावर स्नायू आखडून हात सोडविता येत नाही. जीवरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरवर तुटेल असे बनवितात ते उगाच नव्हे.

अँप्लिफायर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर होता तो, प्लग काढून, वायरमनकडून उघडविला. बाहेरून तीन भोके, आतून दोनच तारा. अर्थचा स्क्रू कोरा करकरीत होता. त्याला कधी वायर लागलीच नव्हती. वायरमनने सभागृहाच्या भिंतीतील अर्थ तपासून दिला, तीन तारांचा बोर्ड आणला, आणि दोन्ही यंत्रे त्या एकाच बोर्डावर घेतली. तार आणि माईक यांच्यामधील आकडा शून्यावर आला. मित्र गायला.

ही भीती पुस्तकी नाही. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर माईकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेले. ‘यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ यांचा मे १९७६ मध्ये घरी गिटार वाजविताना असाच अंत झाला. दोघेही वादक-गायक होते, वायरमन नव्हते. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात, पावसाने ओल्या जमिनीवर, सॉकेटमध्ये उघड्या वायरी आगपेटीच्या काड्यांनी खुपसून गाण्याचे कार्यक्रम होतात. त्या मांडवात आपलेच भाऊबंद गात असतात.

तिसरी पिन

आता ‘तिसरी पिन काढून टाक’ या सल्ल्याकडे येऊ. या सल्ल्याने घरघर कधी कधी खरोखरच थांबते, म्हणून तो टिकून आहे. दोन यंत्रे दोन वेगळ्या ठिकाणी अर्थला जोडलेली असतात आणि पुन्हा संकेताच्या केबलनेही एकमेकांना जोडलेली असतात. अशा वेळी अर्थच्या वायरींचे एक मोठे कडे तयार होते. त्या कड्यात प्रवाह फिरून घरघर उमटते. पिन काढली की कडे तुटते. पण त्याबरोबर वादकाचे रक्षणही तुटते. कडे तोडायचे ते संकेताच्या बाजूने, विजेच्या बाजूने कधीही नाही. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. ते शक्य नसेल तर मध्ये ट्रान्स्फॉर्मर असलेला डीआय बॉक्स घालावा. त्याच्यावरील कळीने संकेताचा अर्थ सुटा होतो आणि थ्री-पिन शाबूत राहते.

पुढच्या स्नेहसंमेलनासाठी म्हणून आमच्या वाद्यवृंदाच्या पेटीच्या झाकणावर आम्ही चार ओळी चिकटवल्या आहेत. आधी बोर्डाचा अर्थ वायरमनकडून तपासून घ्यावा, तोही ३० मिलिअँपिअरच्या जीवरक्षक स्विचमागेच असावा. मग तार आणि माईक यांच्यामधील व्होल्ट मोजावेत. मुंग्या आल्या तर कार्यक्रम कितीही रंगात असो, वीज बंद करावी. आणि हे सर्व झाल्यावर घरघरीच्या मागे लागावे.

मराठीत वाद्याचीही तार आणि विजेचीही तारच. माझा मित्र सांगतो, कन्नडमध्येही दोहोंना एकच शब्द आहे, तंती. दोन्ही भाषांनी दोन वस्तूंना एकच नाव दिले, ते चालेल. मंचावर मात्र त्या दोन तारा एक होऊ देता कामा नयेत, आणि ते पाहणे गाणाऱ्याचे नव्हे, मंचामागे वायरी ओढणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे.